मोतीबिंदू ‘पिकू’ का द्यायचा? वाकणाऱ्या प्रकाशाची आणि भिंगाची गोष्ट

आंबा, सीताफळ आणि मोतीबिंदू. या तीन गोष्टी पिकल्या की नाही, याची आपल्याकडे आवर्जून चौकशी होते. पहिल्या दोन फळांबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्याबद्दल आहे.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. माझ्याकडे लोक बीपी, शुगर, दमा घेऊन येतात. पण देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी साठीच्या पुढचा माणूस बीपी तपासायला आला, की बोलता बोलता डोळ्यांचा विषय निघतोच. “संध्याकाळी समोरून गाडी आली की दिव्याचा नुसता फापट पसारा दिसतो, रस्ता दिसत नाही,” असे आबा सांगतात. टॉर्च मारून पाहिले तर बाहुलीत राखाडी झाक असते. “डोळे दाखवले का?” असे विचारले की उत्तर ठरलेले, “दाखवलं होतं दोन वर्षांखाली. पण अजून पिकला नाही ना, म्हणून राहू दिलं.”

ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही, हे आधी सांगतो. एके काळी डॉक्टरच असे सांगत असत आणि त्या काळी ते बरोबरही होते. मग आज ते चूक कसे झाले? हे समजायला प्रकाश कसा वाकतो आणि डोळ्यातले भिंग नेमके काय करते, हे माणसाला कसकसे उलगडत गेले ते पाहावे लागेल. गोष्ट थोडी लांब आहे, पण ऐकण्यासारखी आहे.

डांबरी रस्ता आणि काळे रान

आपल्याकडच्या विहिरीत वरून डोकावले की तळ जवळ दिसतो. बारा फूट पाणी असेल तर ते नऊ फुटांसारखे भासते. पोहायला न येणारी पोरे “कमरेइतकंच आहे” म्हणून उतरतात आणि फसतात, त्याचे एक कारण हेच. बादलीत तिरकी काठी घातली की पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखी दिसते, तेही त्याच कारणाने. दहावीच्या पुस्तकात याला प्रकाशाचे अपवर्तन म्हटले आहे.

प्रकाश हवेत सेकंदाला साधारण तीन लाख किलोमीटर जातो. पाण्यात शिरला की त्याचा वेग सव्वादोन लाखांवर येतो आणि काचेत दोन लाखांच्या आसपास. वेग कमी झाला म्हणून दिशा का बदलावी? याचे उत्तर आपल्या शेतकऱ्याला अनुभवाने माहीत आहे. पाऊस पडून गेलाय आणि तुम्ही डांबरी रस्त्यावरून ट्रॅक्टर काळ्या रानात तिरका उतरवताय असे समजा. जे चाक आधी चिखलात जाते ते अडखळते. दुसरे चाक अजून डांबरावर असते, ते त्याच वेगाने पळते. परिणामी ट्रॅक्टरचे तोंड आपोआप अडखळलेल्या चाकाच्या बाजूला वळते. दोन्ही चाके एकदमच चिखलात गेली, म्हणजे ट्रॅक्टर सरळ काटकोनात उतरला, तर वेग कमी होतो पण तोंड वळत नाही. प्रकाशाचेही असेच. तिरका आला तर वळतो, सरळ आला तर सरळच जातो.

आता काचेचा तुकडा असा घासा की मधोमध तो सपाट आणि कडेला उतरता असेल. मधून जाणारा किरण सरळ जाईल, त्याच्या शेजारचा थोडा वळेल, कडेचा जास्त वळेल. घासणारा कारागीर हुशार असेल तर सगळे किरण पलीकडे एकाच बिंदूत येतील. हे झाले बहिर्वक्र भिंग. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळला असेल तर तो बिंदू तुम्ही पाहिलेला आहे.

किती तिरपा आलेला किरण किती वळतो, याचा पक्का हिशेब बगदादच्या इब्न सहल यांनी ९८४ च्या सुमारास मांडला होता. पुढे तो विस्मरणात गेला. युरोपात १६२१ मध्ये स्नेल यांनी तो पुन्हा शोधला आणि १६३७ मध्ये देकार्त यांनी छापला. शाळेत आपण स्नेलचे नाव पाठ करतो. बगदादच्या माणसाचे नाव पाठ्यपुस्तकात आले असते तर बरे झाले असते.

मसुराची डाळ

इंग्रजीतला ‘लेन्स’ हा शब्द कुठून आला माहीत आहे? लॅटिन भाषेत लेन्स म्हणजे मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला निमुळता मसुराचा दाणा आणि घासलेले भिंग एकमेकांसारखे दिसतात, म्हणून ते नाव पडले. गंमत म्हणजे आपल्या सुश्रुतसंहितेतही ‘दृष्टी’चे, म्हणजे डोळ्यातल्या पाहणाऱ्या भागाचे, माप मसुराच्या डाळीएवढे सांगितले आहे. दोन वेगळ्या संस्कृतींतली माणसे डोळ्याजवळ आली आणि दोघांनाही मसूरच आठवला. यावरून कुणी कुणाची नक्कल केली वगैरे वाद घालण्याची मला गरज वाटत नाही. मसूर दोन्हीकडच्या स्वयंपाकघरात होता, एवढेच.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सविस्तर दिली आहे. रोगाचे नाव लिंगनाश. टोकाला जवाच्या दाण्यासारखा आकार असलेली शलाका घ्यायची, रुग्णाला स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहायला सांगायचे, उजवा डोळा असेल तर डाव्या हाताने आणि डावा असेल तर उजव्या हाताने, बाजूच्या पांढऱ्या भागातून रक्तवाहिन्या चुकवून शलाका आत न्यायची आणि बाहुलीतला अडथळा दूर सारायचा. नंतर पट्टी, उताणे झोपणे, शिंक-खोकला टाळणे. ही शेवटची पथ्ये वाचून मला नेहमी हसू येते, कारण ऑपरेशननंतर आजही तेच सांगतात.

या पद्धतीत धूसर झालेले भिंग बाहेर काढत नसत, आत खाली ढकलून देत. पडदा बाजूला सारल्यासारखा उजेड पडे आणि माणसाला बोटे मोजता येत. ही पद्धत भारतातून, अरबांकडून, युरोपातून, सगळीकडे शेकडो वर्षे चालली. पण ढकललेले भिंग डोळ्यातच राहते. ते कुजते, सूज आणते, आतला दाब वाढवते. सुया घेऊन गावोगाव फिरणारे वैदू भिंग खाली पाडायचे, रुग्णाला समोर धरलेली बोटे दिसली की पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघायचे. महिन्याभराने डोळा गेला तर विचारायला कोण उरणार? मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात काम केलेल्या एलियट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा सुई मारलेल्या डोळ्यांवर एक पुस्तकच लिहिले. त्यातले निष्कर्ष वाईट आहेत.

भिंग बघत नाही

इतकी शतके कुणालाच ते भिंग सरळ बाहेर काढावेसे का वाटले नाही? कारण जवळजवळ सगळ्यांची समजूत होती की डोळ्यात पाहण्याचे काम भिंगच करते. ग्रीक वैद्य गेलनपासून ही समजूत पक्की होती. पाहणारा अवयव कोण काढून टाकेल? त्यांना वाटे की मोतीबिंदू म्हणजे भिंगाच्या पुढे साचलेला दोष, एखादा पडदा किंवा गोठलेला द्रव. सुईने आपण तो पडदा बाजूला करतो.

ही समजूत मोडली ती प्रकाशाच्या अभ्यासाने. १६०४ मध्ये केपलर, म्हणजे ग्रहांच्या कक्षांचे नियम सांगणारे तेच, यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून प्रकाश कसा जातो ते तपासले आणि सांगितले की डोळ्यातले भिंग फक्त प्रकाश वळवते. चित्र पडते ते मागच्या दृष्टिपटलावर, आणि तेही उलटे. देकार्त यांनी पुढे १६३७ च्या पुस्तकात एक प्रयोग दिला. मेलेल्या बैलाच्या डोळ्याची मागची बाजू खरवडून पातळ करायची, डोळा खिडकीच्या भोकात बसवायचा आणि अंधाऱ्या खोलीतून पाहायचे. मागच्या पातळ पडद्यावर बाहेरचे दृश्य उलटे उमटलेले दिसते.

म्हणजे भिंग हा पाहणारा नाही, तो नुसता वाट दाखवणारा आहे. मग तो खराब झाला तर काढता येईल की! पण हा विचार प्रत्यक्षात यायला आणखी शंभर वर्षे लागली. १७०५ मध्ये ब्रिसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मोतीबिंदू असलेल्या एका मृत सैनिकाच्या डोळ्यात आधी सुई घालून ‘पडदा’ खाली पाडला आणि मग डोळा उघडून पाहिले. खाली पडलेला तो पडदा नव्हता, ते गढूळ झालेले भिंगच होते. पॅरिसच्या विद्वानांनी आधी विश्वास ठेवला नाही. दोन-तीन वर्षांनी ठेवावा लागला. त्यानंतर दाव्हिएल यांनी डोळ्याच्या पुढच्या बाजूला चिरा देऊन भिंग बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि १७५२ मध्ये आपल्या रुग्णांचा अहवाल फ्रान्सच्या शल्यचिकित्सा अकादमीपुढे ठेवला.

‘पिकण्या’ची गोष्ट इथे येते. कच्च्या मोतीबिंदूत भिंगाचा बाहेरचा भाग मऊ आणि चिकट असतो. त्या काळच्या हत्यारांनी तो पूर्ण निघत नसे. मागे राहिलेले तुकडे फुगत आणि डोळा लाल होऊन जाई. पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूत भिंग आपल्या वेष्टणापासून सुटे होते आणि अलगद बाहेर येते. पिकलेल्या आंब्याची कोय जशी हाताला सुटते तसे. म्हणून थांबा, पिकू द्या.

तंजावरचे मराठी कागद

दाव्हिएलनंतर पाऊणशे वर्षांच्या आत एका मराठी राजाच्या दरबारात डोळ्यांच्या रुग्णांच्या केस लिहिल्या जात होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तामिळ देशात तंजावरला राज्य स्थापन केले. त्यांच्याच वंशात दत्तक आलेले दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. गादी म्हणायची, पण १७९९ मध्येच राज्यकारभार कंपनी सरकारने घेतला आणि राजांकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली. असे झालेले कितीतरी संस्थानिक शिकार आणि नाचगाणे यांत रमले. सरफोजी पुस्तकांत आणि औषधांत रमले. श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या हाताखाली ते शिकले होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तोही याच राजाने.

त्यांच्या ‘धन्वंतरी महाला’त आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य असे सगळे वैद्य एका छताखाली काम करत. आणि तिथे डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. रुग्णाला काय त्रास आहे, काय उपचार केले, पुढे काय झाले. नुसते लिहून थांबले नाहीत, तर त्या रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे काढून घेतली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचीही नोंद त्यात आहे. हे कागद तंजावरला जतन झाले आणि चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी अलीकडच्या काळात त्यांचा अभ्यास करून वैद्यकीय नियतकालिकात मांडला.

मला यात राजाच्या हौसेपेक्षा त्या कागदांचे जास्त अप्रूप वाटते. सुया मारणारा वैदू दुसऱ्या दिवशी गाव सोडून जात होता. इथे मात्र रुग्णाचे नंतर काय झाले ते लिहून ठेवले आहे. आजही माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण मागचा कागद घरी विसरून येतात, तेव्हा मला तंजावर आठवते.

चाळिशी, एक छोटा फाटा

मराठीत वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. वयालाही तेच नाव आणि चष्म्यालाही. इतका नेमका शब्द माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या भाषेत नाही. ‘चष्मा’ मात्र फारसीतून आला, चष्म म्हणजे डोळा.

चष्मा इटलीत १२८६ च्या आसपास निघाला. हे इतके नक्की सांगता येते, कारण १३०६ मध्ये एका धर्मगुरूने प्रवचनात सांगितले होते की या कलेला अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. भारतात तो कधी आला, याचा शोध आपल्या पुण्यात घेतला गेला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांना अशा विषयांची हौस होती. त्यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर लेख लिहिला आणि विजयनगरचे व्यासराय यांच्या संस्कृत चरित्रातल्या उल्लेखावरून, १५२० च्या सुमारास दक्षिणेत चष्मा पोचला होता, असे दाखवले. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज येऊन दहा वर्षे झाली होती, हेही लक्षात घ्या.

चाळिशी का लागते? डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचिक असते. जवळचे पाहताना ते जास्त फुगीर होते आणि प्रकाश जास्त वळवते. वयाबरोबर ते कडक होते, फुगायचे थांबते. हे भिंगच करते हे सिद्ध केले टॉमस यंग या डॉक्टरांनी, १८०१ मध्ये. काहींचे म्हणणे होते की बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे पारपटल, आकार बदलत असेल. यंग यांनी पाण्याने भरलेली नळी आपल्या डोळ्याला लावली. पारपटल आणि पाणी दोघेही प्रकाशाला जवळजवळ सारखेच अडवतात, त्यामुळे पाण्यात पारपटलाचे वळवण्याचे काम संपते. (विहिरीत डोळे उघडले की सगळे धूसर दिसते ते याचमुळे. गॉगल लावला की पुढे हवा येते आणि परत स्पष्ट दिसते.) तरीही यंग यांना जवळचे-दूरचे जुळवता येत होते. म्हणजे काम आतल्या भिंगाचेच.

सोड्याच्या बाटलीचे बूड

एक आकडा सांगतो, पुढे लागेल. भिंगाची ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात. चष्म्याचा ‘नंबर’ म्हणजे तेच. आपल्या संपूर्ण डोळ्याची ताकद सुमारे ६० डायऑप्टर. त्यातले ४० च्या वर पारपटलाचे, उरलेले आतल्या भिंगाचे.

आता भिंग काढून टाकले की ही उरलेली ताकद गेली. उजेड येतो, पण चित्र दृष्टिपटलाच्या मागे पडते आणि सगळे धूसर दिसते. ती तूट भरायला डोळ्यापुढे अधिक १० च्या आसपास नंबरचा जाड चष्मा द्यावा लागे. ज्यांनी १९९० च्या आधीचे मराठवाड्यातले म्हातारे पाहिलेत त्यांना तो आठवेल. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी काच, आणि तिच्यामागे बटाट्याएवढा मोठा दिसणारा डोळा.

आपल्याला डोळा मोठा दिसे तसे त्या माणसालाही सगळे जग मोठे दिसे, पाव हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त. पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला की तो वाटला त्यापेक्षा लांब निघे. शिवाय काचेच्या कडेला प्रकाश इतका वळतो की सगळीकडून एक गोल पट्टा दिसतच नाही. रस्ता ओलांडताना सायकल त्या पट्ट्यात असेपर्यंत गायब आणि मग एकदम अंगावर. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि दुसरा डोळा चांगला असेल तर आणखी पंचाईत. एका डोळ्याचे चित्र मोठे, दुसऱ्याचे लहान, मेंदूला दोन्ही जुळवता येत नाहीत. आणि तो चष्मा बैलाच्या पायाखाली आला की माणूस पुन्हा आंधळा.

म्हणजे ‘पिकू द्या’ला दुसरे कारण मिळाले. थोडेफार दिसत असताना ऑपरेशन केले तर रुग्णाला आधीपेक्षा बरे वाटेलच याची खात्री नाही. तेव्हा अगदीच दिसेनासे झाले की मगच या. वेष्टणासकट पूर्ण भिंग काढण्याची पद्धत आली तेव्हा चिकट तुकड्यांची भीती गेली होती, तरीही डॉक्टर थांबायला सांगत, ते या चष्म्यामुळे. सरकारने १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. शाळेच्या खोल्यांत शिबिरे होत, ओळीने माणसे झोपवलेली, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. त्या शिबिरांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ती नसती तर त्या म्हाताऱ्यांनी उरलेले आयुष्य भिंत चाचपत काढले असते.

विमानाची काच

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे लढाऊ वैमानिक जखमी होऊन येत. गोळी लागून कॉकपिटचे झाकण फुटे आणि पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे डोळ्यात घुसत. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आले की धातूचा कण डोळ्यात राहिला तर डोळा खवळतो, पण हे तुकडे वर्षानुवर्षे शांत पडून राहतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, “तुम्ही काढलंत ते ठीक, पण त्या जागी नवीन भिंग का बसवत नाही?” विद्यार्थ्यांचे असले प्रश्न शिक्षकाने उडवून लावायचे नसतात, याला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात रिडली यांनी पर्स्पेक्सचे भिंग माणसाच्या डोळ्यात बसवण्याची सुरुवात केली. भिंग बसले, टिकले. पण रुग्ण बाईला भला मोठा उणे नंबर लागला, म्हणजे जवळचे दिसे आणि दूरचे धूसर. कारण अपवर्तनाचे! रिडली यांनी नैसर्गिक भिंगाच्या आकाराची हुबेहूब नक्कल केली होती. पण आपल्या भिंगाचा अपवर्तनांक साधारण १.४ आणि पर्स्पेक्सचा १.४९. तोच आकार, पण जास्त ‘चिखल’. ट्रॅक्टर गरजेपेक्षा फार जास्त वळला. पुढच्या रुग्णांसाठी त्यांनी भिंग कमी फुगीर केले.

स्वतःच्या व्यवसायातल्या लोकांनी रिडलींना बरीच वर्षे वेड्यात काढले. डोळ्यात बाहेरची वस्तू ठेवणे हेच त्यांना पटेना. पुढे म्हातारपणी खुद्द रिडलींच्या दोन्ही डोळ्यांत तशीच भिंगे बसवली गेली. २००० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, पुढच्या वर्षी ते गेले.

आतले भिंग मूळ भिंगाच्या जागीच बसते, म्हणून जग मोठे दिसत नाही, गोल पट्टा गायब होत नाही, दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळतात. आपल्याकडे हे गरिबापर्यंत पोचायला दोन गोष्टी व्हाव्या लागल्या. १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅब सुरू झाली आणि भारतात बनलेल्या भिंगामुळे किंमत कित्येक पटींनी खाली आली. आणि १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प झाला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेच्या खोलीतून शस्त्रक्रिया रुग्णालयात गेली आणि जाड चष्म्याऐवजी भिंग बसू लागले. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून आणि गावोगावच्या शिबिरांतून एक लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्यांचे नाव आजही घरच्या माणसासारखे घेतात.

आता पिकू देऊ नका

आज बहुतेक ठिकाणी फेको पद्धतीने ऑपरेशन होते. अमेरिकेत केलमन यांनी १९६७ मध्ये ती सुरू केली. कल्पना त्यांना दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करून घेताना सुचली. ध्वनिलहरींनी कंप पावणाऱ्या सुईने भिंगाचा आतच भुगा करायचा आणि बारीक छिद्रातून ओढून घ्यायचा. लोक याला ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात, पण नेहमीच्या फेकोत लेझर नसतो. असो.

या पद्धतीला मऊ मोतीबिंदू सोपा जातो. पिकून दगडासारखा झालेला, तपकिरी पडलेला मोतीबिंदू फोडायला जास्त जोर लावावा लागतो आणि आजूबाजूच्या नाजूक भागांना इजा व्हायची शक्यता वाढते. त्याहून पुढे, अति पिकलेले भिंग वितळून झिरपू लागले तर डोळ्यात दाब वाढतो. डोळा लाल होतो, डोके फुटल्यासारखे दुखते, उलट्या होतात. असे रुग्ण कधी कधी ‘पित्त झालं’ म्हणून माझ्याकडे येतात. तो दाब वेळेत उतरला नाही तर मागची नस जाते आणि मग कुठलेही भिंग बसवून उपयोग नसतो.

म्हणजे जुनी दोन्ही कारणे गेली आणि थांबण्यात तोटा उभा राहिला. तुमच्या रोजच्या कामाला, गाडी चालवायला, स्वयंपाकाला, शिवणाला अडचण येऊ लागली की डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून ऑपरेशन ठरवावे. अडचण नसेल तर घाई नको, वर्षातून एकदा दाखवत राहा.

दोन गोष्टी मात्र घरच्यांनी लक्षात ठेवा, कारण त्या फसवतात. पहिली, म्हाताऱ्या माणसाची ‘चाळिशी सुटणे’. पासष्टीचे आजोबा अचानक बिनचष्म्याने पेपर वाचू लागतात, सगळे कौतुक करतात. होते असे की मोतीबिंदूने भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याचा अपवर्तनांक वाढतो, प्रकाश जास्त वळतो आणि जवळचे दिसू लागते. दूरचे विचारून पाहा, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसत नसतील.

दुसरी माझ्या खात्यातली. मधुमेहात साखर फार वर गेली, किंवा औषध सुरू होऊन झपाट्याने खाली आली, की भिंगात पाणी कमी-जास्त होते आणि नंबर बदलतो. माणूस घाबरून दुकानात जातो, नवीन चष्मा करतो, महिन्याभरात तोही चालत नाही. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मगच नंबर काढा. पैसे वाचतील. पण दृष्टी एकदम गेली, डोळ्यापुढे काळे पडदे किंवा ठिपके आले तर आठवडे थांबू नका, त्याच दिवशी डोळे दाखवा. ते भिंगाचे नाही, मागच्या पडद्याचे दुखणे असू शकते.

ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी आणि पारपटलाची गोलाई यंत्राने मोजतात, त्याला बायोमेट्री म्हणतात. रिडलींच्या पहिल्या रुग्णाचे जे झाले ते तुमचे होऊ नये, यासाठीच हे मोजमाप. नंतर एक छोटे कार्ड मिळते, त्यावर भिंगाचा स्टिकर असतो. २१.० किंवा २२.५ असा काहीतरी आकडा दिसेल. तो चष्म्याचा नंबर नव्हे, आत बसवलेल्या भिंगाची ताकद आहे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर तो विचारतील. कार्ड रेशन कार्डासोबत पिशवीत ठेवा, आणि येताना घरी विसरू नका.